‘संगीत’ एवढेच लिहिले आहे

यूट्यूबवर एखादी जुनी मैफल लावावी आणि पडद्याखाली अक्षरे उमटवण्याची जी सोय असते ती चालू करावी. बुवा षड्ज लावतात. खाली चौकोनी कंसात शब्द येतो, ‘संगीत’. आलाप दहा मिनिटे चालतो. तो शब्द मधूनच नाहीसा होतो, पुन्हा येतो. तबला मिळतो, लय चढते, तानेचा पल्ला पुरा करून बुवा समेवर येतात, श्रोत्यांच्या माना एकदम हलतात, आणि खाली पुन्हा तेच, ‘संगीत’. दुसऱ्या चित्रफितीत कोणी नवशिका पेटीशी झटापट करीत असला तरी त्यालाही तोच मान. वीस वर्षे पेटीचा भाता हलवून पोट भरलेल्या माझ्यासारख्या मास्तराला आपल्या विद्येचे इतके आटोपशीर वर्णन दुसरीकडे वाचायला मिळालेले नाही.

ज्याला ऐकू येते त्याने हा शब्द वाचून हसावे आणि सोडून द्यावे. परंतु तो शब्द त्याच्यासाठी लिहिलेलाच नाही. ज्याच्यासाठी लिहिला आहे अशा एका तरुणाने तीन वर्षांपूर्वी येथे, बुऱ्हाणपुरात, मला एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून हा विषय माझ्या पाठीस लागला आहे. त्या प्रश्नाकडे येईनच. त्याआधी थोडे मागे जायला हवे, कारण बहिऱ्या माणसाच्या वाट्याला हा एकच शब्द कसा उरला, ही हकीकत आपल्या सिनेमाच्या हकीकतीत गुंतलेली आहे.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ च्या मे महिन्यात गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, तेव्हा पडद्यापुरता तरी ऐकणारा आणि न ऐकणारा असा भेद नव्हता. प्रसंग डोळ्यांनी पाहायचा, मधल्या पाट्या वाचायच्या. पडद्याजवळ पेटी-तबला वाजत असे, तो सोडला तर बहिऱ्याचे फारसे काही बुडत नव्हते. मग १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ आला, सात गाणी घेऊन. पुढच्या वर्षी ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ मराठी बोलू लागला. त्या दिवसांचे कौतुक आपण आजोबांच्या तोंडून भरपूर ऐकले आहे. पण एका वर्गाला त्या दिवशी थिएटरचे दार बंद झाले, हे कोणी सांगत नाही. अमेरिकेत एमर्सन रोमेरो म्हणून एक नट होते, हवानाचा जन्म, स्वतः बहिरे. मूकपटांत ते हसवीत असत. बोलपट आले आणि त्यांचे काम गेले. त्यांच्या बंधुभगिनींचे पाहणेही गेले. या गृहस्थांनी १९४७ साली बोलपटांच्या प्रती मिळवल्या, फिल्म कापून मध्ये मध्ये पाट्या चिकटवल्या, आणि बहिऱ्यांच्या मंडळांतून त्या दाखवायला सुरुवात केली. आज ज्याला कॅप्शन म्हणतात त्याचे मूळ असे कात्री आणि डिंकात आहे. मीही या लेखात त्याला पाटीच म्हणणार आहे. शब्द आपला आहे आणि नेमका आहे.

आपल्याकडे दूरदर्शनने १९८७ साली हातांच्या खुणांनी सांगितल्या जाणाऱ्या बातम्या सुरू केल्या. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने माहिती आणि करमणूक सर्वांना पोचेल अशी करण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले. टीव्हीसाठी २०१९ साली मानके ठरली. २०२३ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’ चित्रपटाच्या निर्मात्यांना घरी पाहण्याच्या आवृत्तीत बहिऱ्यांसाठी पाट्या आणि अंधांसाठी वर्णन घालायला सांगितले, आणि मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांसाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे आली. म्हणजे १९३१ साली बंद झालेले दार नव्वदेक वर्षांनी किलकिले होऊ लागले आहे. पाटी असावी, एवढे नियम सांगतो. पाटीवर काय लिहावे, हे नियमाला सांगता येत नाही. संकेतस्थळांसाठी जी आंतरराष्ट्रीय तत्त्वे मानली जातात त्यांतही बोलणे आणि बोलण्यापलीकडचा, आशय समजायला जरूर तेवढा आवाज अक्षरांत द्यावा, असे म्हटले आहे. जरूर तेवढा! सगळी मेख त्या दोन शब्दांत आहे.

यूट्यूबची गोष्टच घ्या. बोलणे ऐकून आपोआप अक्षरे उमटवण्याची सोय त्यांनी २००९ साली आणली, आणि ती घडवणाऱ्यांत केन हॅरेन्स्टीन हे स्वतः बहिरे असलेले अभियंते प्रमुख होते. २०१७ साली बोलण्यापलीकडचे आवाजही यंत्राने ओळखावे असे ठरले, तेव्हा आरंभाला तीनच निवडले: टाळ्या, हशा आणि संगीत. माणसांनी हाताने लिहिलेल्या पाट्यांत हेच वारंवार येत, म्हणून. टाळीला ‘टाळी’ म्हटले की काम भागते. हशाला ‘हशा’. पण भैरवी आणि बँडबाजा यांना एकच नाव पुरेल काय?

आता बहिरेपणाकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचे वैगुण्य असलेली माणसे पन्नास लाखांहून थोडी अधिक नोंदली गेली. आकडा एक असला तरी ती माणसे एका जातीची नाहीत. आमच्या गल्लीतच पाहा. बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे गाव. मोमीनपुऱ्याकडून किंवा लालबागेकडून जाताना मागांचा खडखडाट रस्त्यावर ऐकू येतो. आत तर शेजारच्या माणसाशी बोलायचे म्हणजे कानाशी तोंड न्यावे लागते. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला नव्वद डेसिबलची मर्यादा आहे. ती पत्र्याच्या छपराखालच्या मागाला कोणी समजावून सांगावी! तीस वर्षे माग चालवलेला विणकर पन्नाशीतच ‘काय? काय?’ करू लागतो. त्याला ओठ वाचण्याची सवय झालेली असते आणि आपण ओठ वाचतो हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. ही एक तऱ्हा.

दुसरी तऱ्हा माझ्या घरातली. आमचे वडील, आबा, पखवाजिये. इंदूरचे नाना पानसे यांच्या परंपरेतला हात. १९४५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते होळकर दरबारात वादक म्हणून लागले. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि दरबार संपला. आजोळ बुऱ्हाणपूरचे म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. माझा जन्म त्यांच्या पन्नाशीनंतरचा, त्यामुळे मला जाण आली तेव्हा त्यांचे कान उतरणीला लागले होते.

म्हातारपणी ऐकणे कसे कमी होते, हे पखवाजावरून चांगले समजते. प्रथम जातात ते उंच, बारीक आवाज. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावलेली असते. तिचा खर्जातला घुमारा आबांना शेवटपर्यंत ऐकू येत होता. उजव्या तोंडावरचे टणत्कार, ‘ता’ आणि ‘टे’ यांची धार, ती आधी गेली. बोलण्याचेही तसेच आहे. स्वर खाली असतात आणि जोरकस असतात. ‘स’, ‘त’, ‘ख’, ‘प’ ही व्यंजने वर असतात आणि क्षीण असतात. सात, हात, खात, पात या चारही शब्दांतला ‘आ’ आबांना स्वच्छ ऐकू येई. कोणता शब्द ते मात्र कळत नसे. ‘ऐकू येते रे, समजत नाही,’ हे त्यांचे वाक्य. आपण मग ओरडतो. ओरडल्याने ‘आ’ मोठा होतो, ‘स’ जसाच्या तसा राहतो, आणि वर म्हाताऱ्याला वाटते की पोरगा चिडला.

कानात घालायचे यंत्र २०१२ साली आणले. बोलणे बरे समजू लागले. मात्र मी क्लासात तानपुरा लावून बसलो की आबा बाहेरून विचारीत, ‘आज तानपुरा का घेतला नाहीस?’ यंत्र जुळवून देणाऱ्या बाईंनी कारण सांगितले, ते मला फार शिकवून गेले. या यंत्राच्या पोटात लहानसा संगणक असतो आणि उपयोगी आवाज कोणता व निरुपयोगी कोणता हे तो ठरवतो. माणसाचे बोलणे सेकंदाला चार-पाच वेळा वरखाली होते. जो आवाज एकसारखा चालू राहतो तो पंखा, मोटार किंवा गिरणी. तो दाबायचा. तानपुरा एकसारखा चालू राहतो. तेव्हा तानपुरा म्हणजे पंखा! शिवाय यंत्रातून मधूनच शिट्टी निघते, ती मारण्याचीही योजना असते. कोणी षड्जावर लांब थांबला की त्यालाही शिट्टी समजून यंत्र त्याची मुस्कटदाबी करते. बाईंनी मग या दोन्ही युक्त्या बंद ठेवून गाण्यासाठी वेगळी जुळणी करून दिली. बटण दाबले की तानपुरा हजर. यंत्र घडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कार्यालयाच्या खिडकीपाशी बोलणारा माणूस होता, पखवाजिया नव्हता. आणि घडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जो नसतो त्याला यंत्राच्या पोटातही जागा नसते.

२०१९ साली माझ्या भाच्याने आबांच्या फोनवर बोललेले मराठी लगेच लिहून दाखवणारे एक अ‍ॅप घालून दिले. नव्वदी ओलांडलेला तो माणूस जेवताना ताटाशेजारी फोन उभा करून बसू लागला. चुका होत. ‘तिरकिट’ला ते अ‍ॅप इमानाने ‘तिकीट’ लिही, आणि आबा विचारीत, कुठे निघालात? पण किती वर्षांनी पंगतीतल्या विनोदाला ते सर्वांबरोबर हसले; नाहीतर सगळे हसले की दोन क्षणांनी हसायचे, अशी त्यांची रीत झाली होती. २०२१ च्या हिवाळ्यात आबा गेले. त्यांच्यासाठी अक्षरे पुरेशी होती, कारण मराठी ही त्यांची स्वतःची भाषा होती. कान गेले तरी ती आत होतीच.

तिसऱ्या तऱ्हेला अक्षरे पुरत नाहीत. मी म्हणतो तो तरुण जन्मापासून बहिरा. घर माग असलेल्यांचे, तो स्वतः फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात संगणकावर आराखडे करतो, आणि त्याची धाकटी बहीण माझ्याकडे गाणे शिकते. त्याची भाषा हातांची. पुष्कळांची समजूत अशी की हातांची भाषा म्हणजे मराठी किंवा हिंदी शब्दांना एकेक खूण. तसे नाही. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, शब्दांचा क्रम वेगळा आहे, चेहऱ्यावरच्या भावाला तिथे प्रत्ययाचे काम आहे. लिहिलेली मराठी ही या मुलाला दुसरी भाषा आहे, तीही कधी न ऐकलेली. वेगाने सरकणारी लांबलचक पाटी त्याच्यापुढे टाकणे म्हणजे तुम्हाआम्हाला धावत्या गाडीतून कानडी फलक वाचायला लावण्यासारखे.

आपल्या देशात बहिऱ्या मुलांची पहिली शाळा मुंबईत १८८५ साली निघाली. त्याच्या पाचच वर्षे आधी, १८८० साली, इटलीत मिलान येथे शिक्षकांच्या परिषदेने खुणांची भाषा शाळांतून हद्दपार करावी असा ठराव केला होता. त्याची छाया जगभराच्या शाळांवर शंभर वर्षे राहिली. हात बांधा, ओठ वाचा, बोला. दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले ते २०१५ साली. त्यांचा कोश २०१८ साली तीन हजार शब्दांचा निघाला, २०२१ साली तो दहा हजारांवर गेला, आणि २०२२ साली तो फोनवर पाहता येईल असे अ‍ॅप आले. शब्दकोश पाहायचा असतो, वाचायचा नसतो, अशी ही भाषा. तिला छापखाना मिळाला तो मोबाइलच्या रूपाने. (जाता जाता: ‘मूकबधिर’ हा शब्द आता सोडावा. या मंडळींना ‘मूक’ म्हणणारा कधी त्यांच्या गप्पांत बसलेला नसतो.)

टेलिफोनचीही मौज पाहा. ग्रॅहम बेल बहिऱ्यांचे शिक्षक, त्यांची आई बहिरी, पत्नी बहिरी. त्यांनी १८७६ साली जे यंत्र काढले त्याने सर्वांना जवळ आणले आणि नेमके बहिऱ्यांना दूर लोटले. हातांची भाषा तारेतून जायला चित्र जाणारा फोन यावा लागला. आज हा मुलगा भुसावळच्या मित्राशी रात्री तासन्‌तास बोलतो आणि घरात कोणाची झोप मोडत नाही.

तरी कुठेतरी ठेच लागतेच. एकदा त्याचे बँकेतले खाते अडकले. ते सोडवायला लागणारा सांकेतिक आकडा यंत्र फोन करून तोंडी सांगणार! बहिणीने फोन घेतला तर पलीकडून उत्तर, खातेदाराने स्वतः बोलावे. खातेदार समोर उभा, अंगठा दाखवतोय, आधार दाखवतोय. तीन दिवस गेले. हाच आकडा अक्षरांत पाठवायला एक पैसा जास्त पडला नसता. असे आराखडे दुष्टपणाने होत नाहीत. आराखडा करणाऱ्यांच्या टेबलाभोवती न ऐकणारा कोणी बसलेला नसतो, एवढेच.

आता त्याचा प्रश्न. क्लासच्या वार्षिक कार्यक्रमाची चित्रफीत आम्ही यूट्यूबवर ठेवली. बहिणीने भीमपलास गायला होता, मध्य लयीचा तीनताल. दोन दिवसांनी तो क्लासात आला, फोनवर मजकूर टाइप केला आणि माझ्यापुढे धरला. त्यात असे होते: ताई गाते तेव्हा समोरचे लोक एकाच वेळी मान हलवतात. कधी हलवायची ते त्यांना कोण सांगते? खाली फक्त संगीत लिहिले आहे.

समेची याहून चांगली व्याख्या मी वर्गात कधी केलेली नाही.

मी विद्यार्थ्यांना म्हटले, या चित्रफितीला आपण पाट्या करू. कोणी म्हणाले, बंदिशीचे शब्द लिहू. लिहिले, तीन मिनिटांत ते शब्द इतक्या वेळा फिरून आले की तो हात जोडू लागला. दुसऱ्याने सुचवले, स्वरलिपी धावती दाखवू. पलुस्करांनी आणि भातखंड्यांनी घडवलेल्या स्वरलिपीचे उपकार मी मानतो. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झालेल्या पलुस्करांनी आवाज डोळ्यांपुढे मांडण्याचा ध्यास घ्यावा, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. पण स्वरलिपी ही ज्याने ऐकले आहे त्याला आठवण देते. ज्याने षड्ज कधी ऐकला नाही त्याला ‘सा’ हे केवळ एक अक्षर. तिसरी सूचना एका हौशी मुलीची: ‘करुण’, ‘प्रसन्न’, ‘उत्कट’ असे लिहावे. हे मात्र मी चालू दिले नाही. पाटी लिहिणाऱ्याने दाद देऊ नये. करुण वाटायचे की नाही ते पाहणारा ठरवील.

याच गावात साडेचारशे वर्षांपूर्वी हा प्रश्न एका थोर माणसापुढे होता असे मी म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल, पण ऐका. कर्नाटकातून आलेला पुंडरीक विठ्ठल फारुकी सुलतानांच्या आश्रयाला बुऱ्हाणपुरात राहिला आणि येथे त्याने ‘सद्रागचंद्रोदय’ लिहिला. पुढे तो उत्तरेत गेला आणि १५७६ साली ‘रागमाला’ रचली. तीत रागांच्या स्वरांबरोबर त्यांची रूपेही आहेत: कोणाचा वर्ण कसा, वेष कसा, हातात काय. रागाला डोळ्यांनी भेटता यावे ही इच्छा आपल्या परंपरेला नवी नाही. रागमालेची चित्रे आपण भिंतीवर टांगतो; पण ती रागाचे स्थिर रूप दाखवतात. आमच्या मुलाला रूप नको होते. घडते काय आणि केव्हा, ते हवे होते.

आणि लय त्याला आमच्याहून कमी कळत नव्हती. घरातला कोणता माग बंद पडला हे तो पाठ फिरवूनही सांगतो, पायाने. आबांचा पखवाज मी काढला, त्याचे तळवे कडेवर ठेवले आणि साधा चौताल वाजवला. बारा मात्रांचे चौथे आवर्तन येईतो त्याने सम पकडली. या गावाचे नाव लावणारे गोविंदराव बुऱ्हाणपूरकर हे पखवाजाचे मोठे आचार्य. १९५५ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या वाद्याचा खर्ज हा कानाइतकाच छातीने ऐकण्याचा आवाज आहे, हे जुने श्रोते जाणतात. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी बाई बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ बहिऱ्या झाल्या होत्या. गुरूने नगारे मिळवताना त्यांना खोलीच्या भिंतीला हात लावायला सांगितले, आणि कोणता नाद हाताच्या कोणत्या भागात उमटतो हे त्या शिकल्या. आज त्या जगातल्या नामांकित तालवादक आहेत आणि अनवाणी वाजवतात. २०२४ साली आयफोनमध्ये गाण्याबरोबर फोन तळहातात थरथरेल अशी सोय आली, ती याच वाटेने.

तेव्हा आम्ही सोळा ठिपके मांडले, समेचा ठिपका मोठा, नववा, खालीचा, पोकळ. गळ्यासाठी पांढरी रेघ, स्वर चढला की चढणारी. तबल्यासाठी पिवळा रंग. पात्रापात्राला वेगळा रंग देण्याची रीत बीबीसीच्या पाट्यांत पूर्वीपासून आहे, ती उचलली. मुले खूश. चित्रफीत दिवाळीच्या रोषणाईसारखी दिसू लागली.

त्याने ती एकदा पाहिली, माझ्या संगणकापुढे बसला आणि एकेक वस्तू काढून टाकू लागला. मधूनच टाइप केले: डोळे दोनच आहेत. मग समजावले. ऐकणारा कानाने गाणे घेतो आणि डोळे मोकळे ठेवतो. याला बहिणीचा चेहरा, तबलजीचा हात, श्रोत्यांच्या माना आणि आमची पाटी, सगळे डोळ्यांनीच घ्यायचे. खाली ठिपके नाचू लागले की बहीण दिसेनाशी होते. तळाची रांग त्याने उचलली आणि ठिपके लहान करून तबलजीच्या डाव्या हाताशेजारी आणून ठेवले. गळ्याची रेघ बहुतेक पुसली. जिथे स्वर लांबतो किंवा एकदम वर जातो तेवढीच ठेवली. तिहाई मात्र त्याला फार आवडली. एकच आकृती तीनदा, सारखी, आणि तिसरीचे टोक बरोबर मोठ्या ठिपक्यावर. पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिसरी आकृती पुरी होण्याआधीच त्याने दोन्ही हात वर करून पंजे हलवले. त्यांच्यात टाळी अशी असते.

शेजारचे एक वृद्ध विणकर कौतुकाने पाहायला आले होते. ऐकू निम्मे येते. त्यांना ठिपक्यांत काही राम वाटला नाही. ‘मला बंदिशीचे शब्द मोठ्या अक्षरांत द्या मास्तर, बाकीचे मला येते ऐकू,’ म्हणाले. त्यांचेही बरोबरच होते. म्हणून आम्ही दोन फिती ठेवल्या, एक शब्दांची आणि एक ठिपक्यांची; ज्याला जी हवी त्याने ती लावावी. दोघांना मिळून एक करायला गेलो असतो तर दोघांपैकी कोणाचेच भागले नसते.

तानपुऱ्याचे काय करायचे यावर मात्र बराच वाद झाला. तो तर सतत वाजतो. लिहायचे तरी काय आणि किती वेळा? मुले म्हणाली, सोडून द्यावा. मला आबांचे यंत्र आठवले आणि मी हट्ट धरला. त्याने थोडा विचार करून चित्राच्या अगदी तळाशी एक बारीक करडी रेघ ओढली, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, हालचाल नसलेली. गाणे सुरू होण्याआधी ती उमटते आणि मग तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बहिणीचा शेवटचा षड्ज संपतो, ठिपके थांबतात, श्रोते टाळ्या वाजवतात. तानपुऱ्यावरची मुलगी आणखी चार-पाच सेकंद तारा छेडीत राहिली होती. तेवढे सेकंद त्याने मोजून घेतले आणि करडी रेघ तितकाच वेळ राहू दिली.